कलम पुस्तकात छापलंय, पण ते जिवंत आहे का?

मागच्या अंकात मूलभूत हक्कांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. ढीग म्हणजे अकरा पत्रं, पण आपल्या सदराला तो ढीगच. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की हक्क घटनेत लिहिलेत ते ठीक, पण त्यांच्याशी न जुळणारे जुने कायदे नेमके कधी जातात आणि कोणाच्या हातानं जातात. पाच पत्रं निवडलीत. नाव छापू नका असं सगळ्यांनीच कळवलंय म्हणून गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातला रिटायर शिक्षक. वडिलांच्या पेटीत उर्दूतले सरकारी कागद निघाले, त्यावर फसली सन आहे. त्यावरून पारावर वाद पेटला. एकजण म्हणतो २६ जानेवारी १९५० ला निजामाचे सगळे कायदे रद्द झाले, दुसरा म्हणतो काही अजून चालू आहेत. खरं काय? आणि मूलभूत हक्क सगळ्यात वर असतील तर इंग्रजांच्या १८६० च्या पीनल कोडातली कलमं २०१८ पर्यंत कशी टिकली?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. आधी ती पेटी जपा, अशा कागदाला वाळवी लई लवकर लागते. फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली सालात, ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे १३५८ फसली लिहिलं असेल तर ते १९४८-४९ धरा.

पारावरचा दुसरा माणूस बरोबर आहे. घटना लागू झाली त्या दिवशी नावानिशी रद्द झालं ते फारच थोडं, १९३५ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्ट, १९४७ चा इंडियन इंडिपेंडन्स ॲक्ट आणि त्यांच्या आसपासचं. बाकी सगळे कायदे अनुच्छेद ३७२ नं जागच्या जागी ठेवले, की जोवर विधिमंडळ किंवा संसद बदलत नाही तोवर चालू द्या. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात, निजामानं २३ नोव्हेंबर १९४९ ला फर्मान काढून ही घटना मान्य केलेली, त्यामुळं हैदराबादचे कायदेही तसेच पुढं चालत आले. मात्र सोबत अनुच्छेद १३ ठेवला. त्यात म्हटलंय की आधीचा कायदा मूलभूत हक्कांशी जेवढ्यापुरता विसंगत असेल तेवढ्यापुरता तो शून्य. 'तेवढ्यापुरता' हा शब्द पेनानं अधोरेखित करून ठेवा, पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

आता विसंगत आहे का नाही हे ठरवायचं कोणी? कलेक्टरनं नाही, फौजदारानं नाही, कोर्टानं. आणि कोर्ट स्वतःहून कायद्याची पुस्तकं चाळत बसत नाही, कोणाला तरी त्या कलमाचा चटका बसावा लागतो, त्यानं रिट, म्हणजे हक्कासाठीचा अर्ज हायकोर्टात नाहीतर सुप्रीम कोर्टात, टाकावी लागते नाहीतर त्याच्यावर खटला चालू असावा लागतो. आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखं आहे हे. माळवद कुठं गळतंय ते उन्हाळ्यात कळत नाही, पाऊस पडला की कळतं, आणि मग जिथं गळतं तिथं पांढरी माती टाकतो, सगळं घर पाडत नाही.

तुम्ही औशाचे, म्हणून शेजारचंच उदाहरण सांगते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा हे तुम्हाला माहीत असणारच. माझ्या आजीच्या तोंडी त्याचं नाव आलं की पुढं शिवी यायचीच. पोलीस ॲक्शननंतर त्याच्यावर आणि इतरांवर खटले चालवायला मिलिटरी गव्हर्नरच्या काळात स्पेशल ट्रिब्युनल नेमलं होतं, आणि त्याची कार्यपद्धती नेहमीच्या कोर्टापेक्षा वेगळी होती, आरोपीला मिळणाऱ्या काही सोयी तिथं नव्हत्या. खटला घटनेच्या आधी सुरू झाला आणि संपायच्या आत २६ जानेवारी १९५० उजाडला. म्हणजे बघा, ज्या माणसानं हिंदुस्थानात सामील व्हायला जीव तोडून विरोध केला तोच माणूस हिंदुस्थानच्या घटनेतलं समानतेचं कलम १४ हातात घेऊन दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात उभा राहिला! मला या गोष्टीची दरवेळी गंमत वाटते, आणि थोडा अभिमानपण, की हक्क त्यालाही नाकारला नाही, अपील ऐकून घेतलं.

१९५३ मध्ये निकाल लागला. कोर्टाचा विचार असा होता, की घटनेच्या आधी जे घडून गेलं त्याला हक्क मागं जाऊन लावता येत नाहीत, पण २६ जानेवारीनंतर जी चौकशी झाली ती भेदभावाची असेल तर चालणार नाही. मग बघितलं तर बहुमताचं म्हणणं पडलं की भेदभावाच्या तरतुदी बाजूला काढल्या तरी या आरोपींना नेहमीच्या चौकशीतलं बरंचसं मिळालं होतं, म्हणून मुद्दा फेटाळला. सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या १९४७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याखालच्या एका खटल्यात, लछमनदास आहुजा त्याचं नाव, उलट झालं होतं. खटला जुना, पण उरलेली चौकशी २६ जानेवारीनंतर त्याच भेदभावाच्या पद्धतीनं रेटली, म्हणून शिक्षा टिकली नाही.

आणि खटल्यातलं कृत्यच घटनेच्या आधीचं असेल तर? मुंबईत १९४९ मध्ये एक पत्रक छापलं म्हणून केशवन माधव मेनन यांच्यावर १९३१ च्या प्रेस कायद्याखाली केस झाली, ते म्हणाले आता मला भाषणस्वातंत्र्य आहे, केस सोडा. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बहुमतानं सांगितलं, की स्वातंत्र्य आहे पण १९५० पासून, तुमचं पत्रक त्याच्या आधीचं. मला हा निकाल कधी पटला नाही. ज्या कायद्याला लोकशाहीत जागा नाही त्याच्याखाली माणसाला १९५१ मध्ये कोर्टात उभं करायचं कशाला? पण कायदा म्हणून आजही तोच धरला जातो.

आता १८६० चं. कलम ४९७, व्यभिचाराचं, दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा, तक्रार नवऱ्यानं करायची, बाई ना आरोपी ना फिर्यादी, जशी काही नवऱ्याच्या मालकीची वस्तू. कोणी विरोधात गेलंच नाही असं नाही. १९५४ मध्ये गेले, कोर्ट म्हणालं बाईला आरोपी करत नाही ही तिला दिलेली सवलत आहे, बायका-मुलांसाठी खास तरतूद करू देणाऱ्या अनुच्छेद १५(३) मध्ये बसते. १९८५ मध्ये परत गेले, परत कायम. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं तेच कलम घटनाबाह्य ठरवलं. कलमाचा एक शब्द बदलला नव्हता, समानतेच्या अनुच्छेद १४ चा पण नाही. मग काय बदललं? हक्कांचा अर्थ रुंदावत गेला. १९५० च्या गोपालन खटल्यात कोर्टानं जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ लई आखूड वाचला होता, संसदेनं कायदा करून पद्धत ठरवली ना, मग झालं. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टाच्या खटल्यात म्हटलं की पद्धत न्याय्य आणि वाजवी पण पाहिजे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मान्य केला. एवढं सगळं झाल्यावर जुनं कलम त्या नव्या वाचनापुढं उभं केलं तेव्हा ते पडलं. त्यामुळं एकदा कोर्टानं कायम ठेवलेलं कलम कायमचं वाचलं असं समजायचं कारण नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ चं तर दिल्ली हायकोर्टात २००९ ला एक, सुप्रीम कोर्टात २०१३ ला उलट आणि २०१८ ला परत पहिल्यासारखं झालं.

एक सांगायचं राहिलं. हल्ली 'हैदराबाद गॅझेट'चं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तुमच्या पेटीतले कागद म्हणजे तेच का असं पारावर कोणीतरी विचारणारच. गॅझेटियर म्हणजे माहितीचा, नोंदीचा ग्रंथ, पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो, पण तो कायदा नव्हे. फर्मान, रेग्युलेशन, कायदा हे वेगळं. दोन्ही एका गाठोड्यात बांधू नका.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'एक्लिप्स' आणि 'सेव्हरेबिलिटी' पाठ केलंय पण समजलं नाही. पेपर जवळ आलाय.

उत्तर : बाळा, पाठ केलंस तेच चुकलं. गोष्ट म्हणून वाच.

सेव्हरेबिलिटी म्हणजे किडकं तेवढं कापून फेकणं. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा, आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतो तो, ज्याच्या '६५ ई'खालच्या बातम्या रोज पेपरात असतात. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले, त्यांचं म्हणणं व्हिस्की-ब्रँडीपासून यूडीकोलन, औषधी वाइनपर्यंत सगळं माझ्या घरात ठेवायचा मला हक्क आहे. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा उडवला नाही. अल्कोहोल असलेली औषधं आणि सेंटसारख्या वस्तूंवरची बंदी जिथं जिथं येत होती तेवढी गेली, दारूची तारीफ करण्यावर बंदी घालणारा भाग गेला, बाकी दारूबंदी जशीच्या तशी राहिली. म्हणजे माणसाला सेंट मिळालं, व्हिस्की नाही. कापल्यावर जे उरतं ते स्वतःच्या पायावर उभं राहतं का आणि नुसतं तेवढंच विधिमंडळानं केलं असतं का, हे बघायचं. राहत नसेल तर सगळं जातं.

कधी सगळं कलमच जातं. जन्मठेप भोगणाऱ्यानं खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असं पीनल कोडाचं ३०३ होतं. १९८३ मध्ये मिठू खटल्यात ते पूर्ण गेलं, कारण न्यायाधीशाला माणसाकडं बघायची मुभाच ठेवली नव्हती. आणि कधी कोर्ट कापत नाही, कलम आखडून वाचतं. राजद्रोहाचं १२४अ केदारनाथ खटल्यात १९६२ ला असंच वाचवलं, की नुसती सरकारवर टीका म्हणजे राजद्रोह नाही, हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी पाहिजे. पेपरात ही तिसरी पद्धत लिहायला पोरं विसरतात.

एक्लिप्स म्हणजे ग्रहण. सीपी अँड बेरारच्या, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या, मोटार कायद्यात १९४७ ची एक दुरुस्ती होती, तिच्या जोरावर सरकारला खासगी बसवाल्यांना बाजूला सारून सगळी वाहतूक स्वतःकडं घेता येत होती. (आपल्याकडं निजामाच्या रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याच्या बसगाड्या १९३२ पासून धावत होत्या, हे परीक्षेत लिहू नको, उगीच सांगितलं.) १९५० ला धंद्याचं स्वातंत्र्य आलं, १९(१)(जी), आणि ती दुरुस्ती विसंगत झाली. मग १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली, तिनं सरकारला असा धंदा हातात घ्यायची मोकळीक दिली. भिकाजी नारायण ढाकरस आणि इतर बसवाले म्हणाले, मेलेला कायदा जिवंत कसा होईल? १९५५ मध्ये कोर्ट म्हणालं, तो मेलाच नव्हता, हक्काच्या सावलीत गेला होता, सावली सरली, कायदा परत दिसायला लागला. सावलीत होता तेव्हासुद्धा जे नागरिक नाहीत त्यांच्यापुरता तो चालूच होता, कारण १९ वा अनुच्छेद फक्त नागरिकांना.

आता खाच बघ. हे घटनेच्या आधीच्या कायद्यांचं. घटनेनंतर केलेला कायदा हक्कांच्या विरोधात असेल तर १३(२) लागतं, दीपचंद खटल्यात १९५९ ला म्हटलं की तो जन्मालाच मेलेला येतो, त्याला ग्रहण कसलं. पुढच्या निकालांत या फरकावर बराच काथ्याकूट झालाय, पण दुसऱ्या वर्षाला एवढं पुरे.

प्रश्न : ताई, माझं जिंतूरला मोबाइलचं दुकान आहे. रस्त्याच्या कामावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाला जरा जास्त बोललो, तर तो '६६अ लावतो, आत घालतो' म्हणून धमकी द्यायलाय. हे कलम गेलंय असं ऐकलं होतं. मग तो कशावर उड्या मारायलाय?

उत्तर : भाऊ, बरोबर ऐकलंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं पूर्ण उडवलं. त्रासदायक, चीड आणणारं, गैरसोयीचं असं काही पाठवलं तर तीन वर्षं, असे शब्द होते त्यात. चीड कोणाला कशानं येईल काही नेम आहे का? २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका पोस्टपायी दोन पोरींना अटक झाली होती, तिथून हे प्रकरण देशभर गाजलं.

पण तुमच्या पत्रातलं दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचंय. कोर्टानं कलम उडवलं म्हणजे पुस्तकातली शाई उडत नाही. संसद दुरुस्ती करून काढत नाही तोवर ते छापलेलं राहतं, ६६अ तर २०२३ मध्ये काढलं, तोवर खाली बारीक अक्षरात टीप असायची की घटनाबाह्य ठरवलंय, आणि टीप वाचतो कोण. २०१५ नंतरसुद्धा देशात ठिकठिकाणी ६६अ खाली गुन्हे दाखल होत राहिले. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकालाच्या प्रती सगळ्या हायकोर्टांना आणि राज्यांच्या पोलिसांपर्यंत पोचवायला सांगितल्या. २०२१ मध्ये परत अर्ज आला तेव्हा न्यायमूर्तींनाच धक्का बसला. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ ला आदेश झाला की या कलमाखाली कोणावरच खटला चालवायचा नाही, आणि दुसरे गुन्हे सोबत असतील तर त्यातून ६६अ चा उल्लेख काढून टाका. साडेसात वर्षं! दिल्लीहून निकाल आपल्या ठाण्याच्या टेबलापर्यंत चालत आला असता तरी लवकर पोचला असता.

मी स्वतः एका ठाण्यात बघितलंय, कुठलं ते सांगत नाही. पोराच्या एफआयआरला ६६अ लावलेलं, मी निकालाची प्रिंट पुढं केली तर जमादार म्हणाले मॅडम कॉम्प्युटरच्या लिस्टमध्ये कलम येतंय, मग असणारच की. दोष त्या माणसाचा एकट्याचा नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तासाभरानं साहेब आले, वाचलं, आणि ते कलम तेवढं कमी केलं.

तर तुम्ही काय करायचं. घाबरायचं नाही, आणि फुशारकी पण मारायची नाही. ६६अ गेलं म्हणजे काहीही लिहायचा परवाना मिळाला नाही. बदनामी भारतीय न्याय संहितेत ३५६ खाली आहे, दोन समाजांत तेढ लावणारं लिहिलं तर १९६ आहे, अश्लील काही टाकलं तर आयटी कायद्याचंच ६७ आहे, ही सगळी जिवंत आहेत. तुम्ही ग्रुपवर नेमकं काय लिहिलं त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, डिलीट करू नका. आणि खरंच कोणी ६६अ लावून गुन्हा नोंदवला तर हायकोर्टाच्या खंडपीठात गुन्हा रद्द करायचा अर्ज टाकता येतो.

प्रश्न : ताई, अंबाजोगाई तालुक्यातला शेतकरी. आमच्या गावची जमीन जहागिरीत होती, जहागिरी गेली तेव्हा आज्याच्या नावावर झाली. आता जहागीरदाराच्या वारसाकडून एकजण फिरायलाय, म्हणतो जहागिरी काढायचा कायदाच मालमत्तेच्या हक्काच्या विरोधात होता, कोर्टात टाकला की जमीन परत मिळते, तुम्ही आत्ताच काहीतरी देऊन मिटवा.

उत्तर : काका, एक रुपया देऊ नका.

घटना आली तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता, आणि जमीनदारी मोडणाऱ्या कायद्यांविरुद्ध जमीनदार कोर्टात जायला लागले, पाटणा हायकोर्टानं बिहारचा कायदा उडवलासुद्धा. कोर्टानं कायदा पाडला तर संसद हात बांधून बसत नाही, ती घटनाच दुरुस्त करते. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनं नववी अनुसूची आली, की या यादीतले कायदे मूलभूत हक्कांच्या विरोधात आहेत म्हणून पाडता येणार नाहीत. पहिल्या यादीत तेरा कायदे होते, त्यातले शेवटचे दोन आपले, हैदराबादचे. एक जहागिरी रद्द करणारं १३५८ फसलीचं रेग्युलेशन, दुसरं जहागिरींच्या मोबदल्याचं १३५९ फसलीचं. भारताच्या घटनेत फसली सन छापलेला आहे आणि तो तुमच्या आज्याच्या जमिनीपायी आहे, हे त्या फिरणाऱ्या माणसाला सांगा.

पुढं २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की नवव्या अनुसूचीत टाकलं म्हणून सगळंच सुटत नाही, घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लागत असेल तर तपासू. पण ते २४ एप्रिल १९७३ नंतर यादीत टाकलेल्या कायद्यांचं, ही मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा निकाल त्या दिवशीचा म्हणून ती तारीख. तुमचं त्याच्या लई आधीचं. आणि मालमत्ता तर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिलाच नाही, ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरलाय.

फक्त एक खात्री करा. जहागीर वेगळी, इनाम वेगळं. इनामांचा हैदराबादचा कायदा १९५४ चा आहे आणि देवस्थान इनामाला वेगळे नियम लागतात. तुमच्याकडं मुंतखब, म्हणजे इनामाचा जुना सरकारी दाखला, असेल तर त्यात काय लिहिलंय ते आधी उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

प्रश्न : परळीहून. भीक मागणं हा गुन्हा नाही असा कोर्टाचा निकाल झालाय म्हणे. मग इथं मंदिरासमोरून माणसं उचलून का नेतात?

उत्तर : निकाल झालाय, पण दिल्ली हायकोर्टाचा, ऑगस्ट २०१८ मधला. कायदा मूळ आपलाच, मुंबईचा १९५९ चा, दिल्लीला लावून घेतलेला. दिल्ली हायकोर्टानं तो दिल्लीला लागू आहे तेवढ्यापुरता बघितला आणि भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं काढली, कारण गरिबीपायी हात पसरणाऱ्याला तुरुंगात टाकणं समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कात बसत नाही. गंमत बघा, कायदा इथून तिकडं गेला, निकाल तिकडून इकडं आपोआप येत नाही. आपल्या हायकोर्टापुढं तो वकिलानं दाखवता येतो, न्यायमूर्तींना पटला तर ते तसाच निकाल देऊ शकतात, बांधील नाहीत. उचललेल्यांपैकी कोणाचे नातेवाईक भेटले तर त्यांना तालुका विधी सेवा समितीकडं पाठवा, परळीच्या कोर्टातच चौकशी करा, अशा माणसांना वकील फुकट मिळतो.